व्हॉल्व्ह रेडिओतील कंडेन्सर-बदल

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, जुना रेडिओ पुन्हा बोलता करताना त्यातले निकामी कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) ओळखून बदलण्याचे काम. पुस्तकी शब्द धारित्र. मेकॅनिक कंडेन्सरच म्हणतो. इंदूरला रामबाग, नारायणबागेकडच्या मराठी घरांतून असा संच माळ्यावरून उतरला, की कोणीतरी उत्साहाने लगेच पिन भिंतीत खोचतो. नेमके तेच करू नये. आधी ४० ते ६० वॅटचा बल्ब मेन्सच्या तारेत सिरीजमध्ये घ्यावा. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

सर्वांत दगाबाज तो मेणकागदी कंडेन्सर. कागद पावसाळ्यागणिक ओल धरतो आणि डीसी व्होल्टेज पलीकडे झिरपू लागते. मीटरवर त्याची धारिता ठीक, कधी जास्तच दिसते, म्हणून तो तसाच राहून जातो. पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या ॲनोडपासून (धन टोकापासून) आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कपलिंग कंडेन्सर आधी तपासावा. आउटपुट व्हॉल्व्ह ईएल८४ असेल तर ग्रिड २ नंबरच्या पिनवर. ग्रिडकडचे टोक सोडवून ते आणि चॅसिस यांत व्होल्टमीटर लावावा. संच तापल्यावरही काही व्होल्ट टिकून राहिले, तर कंडेन्सर गळतो आहे. ग्रिडवर धन दाब आला की व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो आणि काही रुपयांच्या वस्तूपायी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो पुन्हा गुंडाळून घेणे जिकिरीचे.

सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर रेक्टिफायरनंतरचा (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरचा) इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकलेला असतो. मोठा घातला की आवाज जाईल, हा हिशेब चुकीचा: ईझेड८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको. ध्रुव उलटे लागले तर तो फुटतो.

जुने आकडे आता मिळत नाहीत. ०.०५ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२ चालतो, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घ्यावा. जुन्या कंडेन्सरवरचे ‘१०के’ म्हणजे १०,००० पिकोफॅरड. इंदूरात अशा सामानासाठी पावले महाराणी रोडकडे वळतात. मेन्सच्या दोन तारांमधला मात्र एक्स२ वर्गाचाच, म्हणजे थेट मेन्ससाठी बनवलेला, हवा. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे सहसा धडधाकट असतात. सरसकट सगळे उपटणाऱ्याला दुरुस्तीपेक्षा सोल्डरचे डाग देण्याचीच हौस जास्त.

बंद संचातही इलेक्ट्रोलायटिक झटका देतो, म्हणून हात घालण्याआधी तो रेझिस्टरमधून रिकामा करावा. बदल एका वेळी एकच. जोडणीनंतर काटा ६४८ किलोहर्ट्झवर, आकाशवाणी इंदूरच्या जागी, नेऊन पाहण्याची इथली रीत. जुन्या तबकडीवर ती खूण साधारण ४६३ मीटरला सापडते.