स्टार पद्धती, हॉलिवूडमधील : व्यावसायिक आकर्षणाची वाढ व घट

कथा, दिग्दर्शक वा निर्मितिसंस्था कोणतीही असो, विशिष्ट नटाच्या वा नटीच्या नावावर प्रेक्षक तिकीट काढतील या भरवशावर चित्रपटाची आखणी, भांडवल-उभारणी, जाहिरात व वितरण करण्याची अमेरिकन चित्रपटव्यवसायातील पद्धती. ती साधारणतः १९१० नंतरच्या दशकात रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिने आर्थिक शिखर गाठले, असे मानले जाते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिला उतार लागला याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. उतार नेमका केव्हा लागला आणि ओसरले ते नेमके काय, याबाबत मात्र मतभेद आहेत.

पद्धतीच्या उगमाची रूढ कथा अशी : आरंभीच्या निर्मितिसंस्था नटांची नावे पडद्यावर वा जाहिरातीत देत नसत. नाव झाले की पगार वाढवून मागतील, ही त्यांची धास्ती. बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांत वारंवार दिसणाऱ्या फ्लॉरेन्स लॉरेन्स हिला प्रेक्षक ‘बायोग्राफ गर्ल’ एवढ्याच नावाने ओळखत. इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स (इम्प) या प्रतिस्पर्धी कंपनीचा मालक कार्ल लेमली याने तिला आपल्याकडे ओढले. १९१० च्या आरंभी, ती ट्रामखाली सापडून मरण पावल्याची बातमी सेंट लुइस येथे पसरली. मार्च १९१० मध्ये चित्रव्यवसायाच्या नियतकालिकात इम्पची मोठी जाहिरात आली. ही बातमी शत्रूंनी रचलेले धादांत असत्य असून मिस लॉरेन्स खुशाल आहेत व इम्पसाठी काम करीत आहेत, असे तीत ठणकावून सांगितले होते. पाठोपाठ तिला व तिचा सहकलाकार किंग बॅगट याला सेंट लुइसला नेऊन लोकांसमोर उभे करण्यात आले. मृत्यूची अफवा लेमलीनेच उठवली होती आणि या प्रसंगातून पहिला ‘स्टार’ जन्मला, असे जुन्या इतिहासग्रंथांतून सांगितले जाते.

ही कथा आकर्षक असली तरी ती जशीच्या तशी स्वीकारणे आता कठीण झाले आहे. एडिसन व कालेम या कंपन्यांनी १९०९ ते १९१० च्या आरंभापर्यंत आपल्या नटसंचातील काही नावे प्रसिद्ध केली होती. फ्रान्समध्ये १९०८ च्या सुमारास ‘फिल्म दार’ कंपनीने नामवंत रंगभूमी-कलावंतांच्या नावांचा जाहिरातीत उपयोग केला होता आणि पाते कंपनीचा विनोदी नट माक्स लिंडर युरोपभर नावाने ओळखला जाऊ लागला होता. व्हायटाग्राफची फ्लॉरेन्स टर्नर हिचा दावाही लॉरेन्सच्या समकालीनच ठरतो. उलट बायोग्राफने साधारणतः १९१३ पर्यंत नावे गुप्तच ठेवली. त्यामुळे सर्व कंपन्यांनी एका जाहिरातीनंतर धोरण बदलले असे दिसत नाही. रिचर्ड डीकॉर्डोव्हा या अभ्यासकाने या घडामोडींचे तीन टप्पे पाडले आहेत : प्रथम चित्रपटात दिसणारी व्यक्ती ‘अभिनय’ करते याची चर्चा (सु. १९०७ पासून), नंतर तिचे नाव व पडद्यावरील व्यक्तिमत्त्व यांचा प्रसार (सु. १९०९ पासून) आणि शेवटी तिच्या खाजगी आयुष्याविषयीचे कुतूहल (सु. १९१३-१४ पासून). तिसऱ्या टप्प्यावर पोहोचल्याशिवाय ‘स्टार’ म्हणू नये, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या एका मतप्रवाहानुसार हे सारे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रंगभूमीचे अनुकरण आहे. तेथे नामांकित नट गावोगावी दौरे करीत आणि स्थानिक नाटक-कंपन्या त्यांना साथ देत. हे मत पूर्णपणे खोडता येत नाही. तथापि रंगभूमीवरील नट त्या रात्री त्या गावी प्रत्यक्ष असावा लागे, तर चित्रपटात त्याच्या एकाच कामाच्या शेकडो प्रती एकाच आठवड्यात विकता येत. व्यापाराच्या दृष्टीने हा फरक मूलभूत असल्याने डीकॉर्डोव्हाची मांडणी अधिक ग्राह्य वाटते. स्वतः लॉरेन्सचे नाव १९१० च्या दशकातच मागे पडले. १९३८ मध्ये तिचा मृत्यू झाला त्याआधीची काही वर्षे ती मेट्रो-गोल्डविन-मायरच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका करीत होती.

पद्धतीचे अर्थकारण पहिल्या महायुद्धाच्या काळात घट्ट झाले. १९१६ मध्ये चार्ली चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीशी आठवड्याला १०,००० डॉलर व दीड लाख डॉलर बोनस असा करार केला. त्याच वर्षी निर्माता ॲडॉल्फ झुकर याने मेरी पिकफर्डला आठवड्याला १०,००० डॉलर व नफ्यात वाटा देऊ केला. एवढी रक्कम परवडत असे त्याचे कारण वितरणात होते. पिकफर्डचा चित्रपट हवा असेल तर त्याच कंपनीचे इतर चित्रपटही न पाहता घ्या, अशी अट चित्रपटगृहांच्या मालकांवर घालता येई (ब्लॉक बुकिंग). नटाचे नाव असे प्रथम प्रदर्शकाला विकले जाई आणि प्रेक्षकाला नंतर. पुढे याच नावांवर इतरांनी नफा का मिळवावा, या विचाराने चॅप्लिन, पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स व दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी फेब्रुवारी १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरणसंस्था काढली. फेअरबँक्सची कीर्ती हिंदुस्थानातही मोठी होती. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) हा येथे सर्वाधिक चाललेल्या परदेशी चित्रपटांपैकी असल्याचे १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या चौकशीत दिसून आले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेल्या मास्टर विठ्ठल यांना ‘हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणत, ते याच लोकप्रियतेमुळे.

स्टुडिओंच्या भरभराटीच्या काळात (सु. १९२५-४८) नट सामान्यतः सात वर्षांच्या कराराने बांधलेला असे. भूमिका, केशरचना, मुलाखती, प्रसंगी नावही स्टुडिओ ठरवी. मोशन पिक्चर हेराल्ड या चित्रव्यवसायाच्या नियतकालिकाचे प्रकाशक क्विग्ली यांनी १९३२ पासून, कोणत्या नटांच्या नावावर सर्वाधिक गल्ला जमतो याविषयी चित्रपटगृहचालकांची वार्षिक मतमोजणी सुरू केली. तिच्या निकालांतून एक गोष्ट डोळ्यांत भरते : पहिली दोन वर्षे अव्वल ठरलेली मारी ड्रेसलर तेव्हा साठी ओलांडलेली होती आणि १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे पहिला क्रमांक शर्ली टेंपल या बालिकेकडे होता. प्रसिद्धीच्या झोतातील सौंदर्यवती आणि गल्ला जमवणारी नावे या दोन याद्या तेव्हाही एक नव्हत्या.

मे १९३८ मध्ये स्वतंत्र चित्रपटगृह-मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष हॅरी ब्रँट यांनी प्रसिद्ध केलेली जाहिरात या संदर्भात फार महत्त्वाची आहे. ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, कॅथरिन हेपबर्न, मार्लिन डीट्रिख, मे वेस्ट आदींना तीत गल्ल्याला मारक म्हटले होते. त्यांना प्रचंड मानधन मिळते, पण त्यांच्या नावावर तिकिटे खपत नाहीत, अशी मालकांची तक्रार होती. हेपबर्न ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ने (१९४०) सावरली आणि क्रॉफर्डला ‘मिल्ड्रेड पिअर्स’साठी (१९४५) ऑस्कर मिळाले. गार्बोची गोष्ट वेगळी : अमेरिकेत मागणी घटली तरी युरोपातील उत्पन्नावर तिचे चित्रपट निभावत, आणि युद्धाने ती बाजारपेठ बंद होताच १९४१ नंतर ती पडद्यावर आलीच नाही. स्टार संपले, ही ओरड त्यामुळे नवी नाही. ती चित्रपटगृहवाल्यांकडून प्रथम ऐकू आली, कारण रिकाम्या खुर्च्या त्यांनाच दिसत.

१९४४ च्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड खटल्याने सात वर्षांच्या करारांना कॅलेंडरप्रमाणे सात वर्षांचीच खरी मर्यादा घातली आणि १९४८ च्या पॅरामाउंट निकालाने स्टुडिओंची चित्रपटगृहांवरील पकड सोडवली. नट मोकळे झाले. जेम्स स्ट्यूअर्टने ‘विंचेस्टर ’७३’साठी (१९५०) नफ्याच्या वाट्यावर काम केले. ‘क्लिओपात्रा’साठी (१९६३) एलिझाबेथ टेलरने दहा लाख डॉलरचा करार केला.

शिखरकाळ १९९० चे दशक होय. ‘द केबल गाय’साठी (१९९६) जिम कॅरीला २ कोटी डॉलर मिळाले आणि तो आकडा पहिल्या फळीचा दर ठरला. ‘एरिन ब्रॉकोविच’साठी (२०००) ज्युलिया रॉबर्ट्सने तो गाठला. मोठ्या नटांना निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्नातूनच, म्हणजे स्टुडिओचा खर्च वसूल होण्याआधी, टक्केवारी मिळू लागली. चित्रपट बुडाला तरी नट कमावी. २००२ ते २००८ या काळात विल स्मिथच्या ओळीने आठ चित्रपटांनी अमेरिकेत प्रत्येकी १० कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. नावाच्या भरवशाचे हे शेवटचे मोठे उदाहरण मानता येईल.

याच सुमारास अर्थशास्त्रज्ञांनी या भरवशाचीच तपासणी आरंभली होती. आर्थर डी व्हॅनी व डेव्हिड वॉल्स यांनी १९८४ ते १९९६ मधील दोन हजारांवर चित्रपटांचे उत्पन्न तपासून १९९९ मध्ये असे दाखवले की, उत्पन्नाचे वितरण कमालीचे विषम असते. मूठभर चित्रपट प्रचंड कमावतात आणि सरासरीला जवळपास अर्थ उरत नाही. काही नटांमुळे यशाची शक्यता वाढते, पण कोणतेही नाव हमी देत नाही. त्याच वर्षी एस. अब्राहम राविद यांनी स्टार व नफा यांत संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. स्टारने जे मूल्य आणले ते मानधनाच्या रूपाने तोच घेऊन जातो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. अनिता एल्बर्से यांनी २००७ मध्ये निराळी वाट घेतली. इंटरनेटवरील हॉलिवूड स्टॉक एक्स्चेंज या खेळवजा बाजारात लोक आगामी चित्रपटांचे ‘शेअर’ घेत. नटाची निवड जाहीर होताच किंवा नट बाहेर पडताच भाव किती हलतो, हे त्यांनी १,२०० हून अधिक घोषणांवरून मोजले. स्टारचे सरासरी मूल्य तिकिटांच्या उत्पन्नात सुमारे ३० लाख डॉलर निघाले, पण स्टुडिओ चालवणाऱ्या कंपन्यांच्या बाजारमूल्यावर परिणाम दिसला नाही. तीन अभ्यासांपैकी एल्बर्से यांचा अधिक उपयुक्त वाटतो. यशस्वी चित्रपटांत मोठे नट दिसतात याचे एक कारण मोठे नट चांगल्या संहिता निवडू शकतात हे आहे, आणि कारण-परिणामाचा हा गुंता घोषणेच्या क्षणी मोजल्याने बराच सुटतो. मात्र अपेक्षा म्हणजे प्रत्यक्ष गल्ला नव्हे, ही मर्यादा राहतेच.

घट सर्वांत स्पष्ट दिसते ती एका चित्रपटातील लोकप्रियता दुसऱ्यात नेता न येण्यात. ‘थॉर : रॅग्नारॉक’ने (२०१७) जगभर सुमारे ८५ कोटी डॉलर मिळवले. त्यातील नायक क्रिस हेम्सवर्थ याचा ‘ब्लॅकहॅट’ (२०१५) सुमारे ७ कोटी खर्चून २ कोटींच्या आसपास अडकला होता. प्रेक्षक थॉर पाहायला येत होते. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ने (२०१९) सुमारे २८० कोटी डॉलर जमवले. त्यात मोठ्या नटांची रांगच होती, पण विकले जात होते ते पात्रांचे विश्व, आणि त्याची मालकी स्टुडिओकडे. त्याआधी ‘अवतार’ने (२००९) फारसा परिचित नसलेला नायक घेऊन उत्पन्नाचा विक्रम केला होता. मालिकापट व पूर्वख्यात पात्रे हे घटीचे एकमेव कारण मानण्याकडे लेखकांचा कल असतो. तो अपुरा आहे. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीव्हीडीचे उत्पन्न घसरले, २००८ च्या आर्थिक संकटाने भांडवल आटले, आणि एकूण उत्पन्नातील टक्केवारी स्टुडिओंना परवडेनाशी झाली. मध्यम खर्चाचे नाट्यमय व विनोदी चित्रपट, ज्यांत नटाचे व्यक्तिमत्त्व हाच माल असे, ते कमी होत गेले. नव्या नटाला नाव कमावण्याची जागाच त्यामुळे आक्रसली, आणि हे नुकसान भरून निघालेले नाही.

परदेशी बाजाराने घट काही काळ झाकली. टॉम क्रूझच्या ‘द ममी’ने (२०१७) जगभर सुमारे ४१ कोटी डॉलर मिळवले, त्यांतील जेमतेम ८ कोटी अमेरिका-कॅनडातून. एका अर्थी ही गार्बोचीच स्थिती. त्याच क्रूझच्या ‘टॉप गन : मॅव्हरिक’ने (२०२२) जगभर सुमारे १४९ कोटी मिळवले. यातून स्टार परतला असा निष्कर्ष काढला गेला, पण तो चित्रपट १९८६ च्या चित्रपटाचा उत्तरभाग होता, आणि नाव व शीर्षक यांचा वाटा वेगळा काढण्याची खात्रीची रीत नाही. भारतात १९९४ मध्ये हिंदीत ध्वनिमुद्रित केलेल्या ‘जुरासिक पार्क’ला मिळालेले यशही नटांपेक्षा प्राण्यांचे होते. हिंदी, तमिळ व तेलुगू ध्वनिमुद्रणांतून आलेल्या प्रेक्षकाला मूळ नटाचा आवाज ऐकूच येत नाही, ही बाब अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

स्ट्रीमिंग सेवांनी मानधन टिकवले, पण मोजपट्टी काढून घेतली. तेथे तिकिटे नसल्याने टक्केवारीऐवजी एकरकमी रक्कम देतात. ‘ब्लॅक विडो’ चित्रपटगृहांबरोबरच डिस्नेच्या सेवेवर आणल्याने आपला मोबदला बुडाला, असा दावा स्कार्लेट जोहान्सनने जुलै २०२१ मध्ये लावला. सप्टेंबरमध्ये तो तडजोडीने मिटला.

स्टारच्या नावाची किंमत अजून रोखीत मोजली जाते ती स्वतंत्र निर्मात्यांच्या बाजारात. कान (फ्रान्स) येथील चित्रपट-बाजारात किंवा अमेरिकन फिल्म मार्केट येथे चित्रीकरण सुरू होण्याआधीच देशोदेशीचे वितरक हक्क खरेदी करतात. समोर संहिता व नटांची यादी एवढेच असते. त्या करारांच्या तारणावर बँका कर्ज देतात, आणि ठरलेला नट बाहेर पडल्यास करार रद्द करण्याची मुभा वितरकाला बहुधा असते.