अ‍ॅकी आणि सॉल्टफिश

जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ. अ‍ॅकी या फळाचा गर आणि खारवून वाळवलेला मासा कांदा, टोमॅटो व मिरचीबरोबर परतून तो करतात. घरोघरी तो मुख्यतः न्याहारीला, त्यातही रविवारच्या न्याहारीला असतो. दिसायला अंड्याच्या भुर्जीसारखा असला तरी यात अंडे नसते. पिवळा दिसतो तो अ‍ॅकीचा गर. हा गर मऊ, स्निग्ध आणि चवीला सौम्य असल्याने माशाचा खारटपणा सहज पेलतो.

दोन्ही मुख्य जिन्नस बेटावर बाहेरून आले. अ‍ॅकीचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. गुलामांच्या व्यापाराच्या काळात, १७७८ च्या सुमारास, ते जमैकात पोहोचले. ब्रिटिश नौदलातले कॅप्टन विल्यम ब्लाय (Bligh) यांनी १७९३ मध्ये तिथली रोपे लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेली, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव ब्लिघिया सापिडा. सॉल्टफिश म्हणजे खारवलेला कॉड मासा, तो आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि नोव्हा स्कोशियाकडून येई. उसाच्या मळेवाल्यांना गुलामांच्या शिध्यासाठी स्वस्त आणि उष्ण हवेत टिकणारा मासा हवा होता. युरोपात न खपणारा हलका माल त्यासाठी इकडे पाठवला जाई. परतीच्या जहाजांतून काकवी आणि रम जात असे. माणसांवर लादलेल्या या शिध्यातून त्यांनी स्वतःचे जेवण घडवले, आणि ते साऱ्या देशाचे झाले, ही गोष्ट जमैकाच्या इतिहासात फार मोलाची आहे. न्यूफाउंडलंडजवळच्या कॉडच्या मासेमारीवर १९९२ मध्ये बंदी आली. आता सॉल्टफिश म्हणून पोलॉकसारखे दुसरे मासेही विकले जातात.

अ‍ॅकी रिठा आणि लिचीच्या कुळातली आहे, आणि तिच्या बाबतीत निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. कच्च्या गरात हायपोग्लायसिन ए हे विष भरपूर असते. शरीरात त्याचे रूपांतर होऊन चरबीपासून ऊर्जा मिळण्याची क्रिया अडते, यकृतातली साखर संपते आणि नवी तयार होत नाही. जोराच्या उलट्या, झटके, बेशुद्धी आणि कधी मृत्यू ओढवतो. लहान मुलांना धोका अधिक. शिजवल्याने हे विष खात्रीने नष्ट होत नाही. म्हणून फळ झाडावरच आपोआप उघडेपर्यंत थांबावे लागते. लाल साल फाकून आतल्या काळ्या चकचकीत बिया दिसल्या की ते उतरवतात. बळेच उघडलेले फळ खात नाहीत. बिया आणि गराच्या खाचेतला लालसर पापुद्रा काढून टाकतात. बिया पिकल्या फळातही विषारीच असतात. अमेरिकेने १९७३ मध्ये अ‍ॅकीची आयात रोखली होती. २००० मध्ये तपासणीत उतरलेल्या उत्पादकांच्या डबाबंद अ‍ॅकीला परवानगी मिळाली. परदेशातल्या स्वयंपाकघरांत बहुधा असा डबाच वापरतात.

घरी करताना मासा रात्रभर पाण्यात भिजत घालतात. सकाळी ते पाणी ओतून नव्या पाण्यात पंधरावीस मिनिटे उकळतात आणि चाखून पाहतात. फार खारट लागला तर पुन्हा पाणी बदलतात. मात्र सगळे मीठ काढून टाकू नये, कारण पदार्थाला चव त्याचीच आहे आणि वेगळे मीठ सहसा घालत नाहीत. मग कातडी, काटे काढून मासा कुस्करतात. ताज्या अ‍ॅकीचा गर वेगळा उकडून त्याचे पाणी फेकून देतात. डब्यातली अ‍ॅकी नुसती निथळली तरी पुरते. तेलात कांदा, पातीचा कांदा, ढोबळी मिरची, थाइम ही सुवासिक पाने आणि स्कॉच बॉनेट ही अत्यंत तिखट मिरची परततात. ती अख्खी टाकली तर सुवास उतरतो आणि तिखटपणा आवाक्यात राहतो. टोमॅटो मऊ झाले की मासा घालतात. अ‍ॅकी सर्वांत शेवटी. आता डाव फार फिरवू नये, नाहीतर गराचा लगदा होतो. कढई हलवून किंवा तळापासून अलगद उलटून पदार्थ गरम होऊ द्यावा. वरून भरपूर मिरपूड.

सोबत उकडलेली कच्ची केळी, याम हा कंद, तळलेले डंपलिंग म्हणजे पिठाचे गोळे किंवा कसावा या कंदाची बॅमी नावाची चपटी भाकरी असते. विस्तवावर भाजलेला ब्रेडफ्रूटही चालतो. कोकणात यालाच नीरफणस म्हणतात. ब्लाय यांनी १७९३ च्या त्याच सफरीत ताहितीहून त्याची रोपे जमैकात आणली होती.