'आवाज दिला' म्हणजे नेमकं काय केलं? लिलो आणि चिहिरोच्या निमित्ताने

'आवाज देणे' हे मराठीतलं फार ऐसपैस क्रियापद आहे. खिडकीतून शेजारणीला हाक मारली तरी आवाज दिला, आणि कार्टूनमधल्या पात्राचं बोलणं कुणी माइकसमोर बोललं तरी आवाजच दिला. 'जंगल बुक'मधल्या शेरखानला नाना पाटेकरांनी आवाज दिला, असं आपण सगळेच म्हणतो. ती मालिका मुळात जपानी, १९८९ची. आपल्या दूरदर्शनवर ती हिंदीत डब होऊन आली. म्हणजे नानांच्या आधी एका जपानी नटाने त्या वाघाला आवाज दिलेला होता, आणि वाघाचा जबडा जपानीतच हलत होता. दोघांनीही 'आवाज दिला', पण दोघांचं काम एक नव्हतं.

हा फरक समजून घ्यायला डेव्हे चेस या अमेरिकन मुलीसारखं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, कारण तिची दोन्ही कामं एकाच वर्षी पडद्यावर आली. १९९०मध्ये लास व्हेगासला जन्मलेली ही बालकलाकार. २००२च्या जूनमध्ये डिस्नेचा 'लिलो अँड स्टिच' आला, त्यातली लिलो ती. सप्टेंबरमध्ये जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत लागली, त्यातली चिहिरोही ती. आणि ऑक्टोबरमध्ये 'द रिंग' हा भयपट आला, त्यात विहिरीतून वर येणारी ती केस मोकळे सोडलेली समारा, तीसुद्धा हीच. बाराव्या वर्षी एका बाजूला सगळ्या पोरांची लाडकी लिलो आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या माणसांची झोप उडवणारी समारा! लिलोसाठी तिला अ‍ॅनिमेशनक्षेत्रातला अ‍ॅनी पुरस्कार मिळाला, समारासाठी एमटीव्हीचा सर्वोत्तम खलभूमिकेचा. समाराचं काम दिसतं, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. गोंधळ उरलेल्या दोघींचा आहे, कारण श्रेयनामावलीत दोन्हीकडे तिचं नाव 'आवाज' या एकाच मथळ्याखाली येतं.

लिलोच्या वेळी चित्रपट अजून काढलेलाच नव्हता. हॉलिवूडच्या अ‍ॅनिमेशनपटात सहसा संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रं मागाहून होतात. नटासमोर फार तर प्रसंगांची कच्ची रेखाटनं असतात. बूथमध्ये बहुतेक वेळा एक कॅमेराही लावलेला असतो, म्हणजे नट बोलताना भुवई कशी उडवतो, खांदे कसे पाडतो, हे नंतर चित्रकाराला बघता येतं. लिलोची मुख्य चित्रकारी आंद्रेआस डेया यांची. अशा पद्धतीत मूल जिथे अडखळतं तिथे पात्र अडखळतं, ते जिथे दम खातं तिथे पात्राची छाती वरखाली होते. एवढंच नाही, वाक्यही बदलता येतं. याच चित्रपटात लिलोच्या बहिणीचं, नानीचं काम करणाऱ्या टिया करेरे आणि डेव्हिडचं काम करणारे जेसन स्कॉट ली या दोघांचं हवाईशी जुनं नातं. त्यांनी आपले संवाद तिथल्या बोलीच्या वळणाने बदलून घेतले. ओठ अजून काढलेच नव्हते, मग अडवणार कोण?

आपल्याला ही रीत खरं तर घरची आहे. पार्श्वगायनात हेच होतं. लताबाई-आशाबाई आधी गाऊन मोकळ्या व्हायच्या, आणि नायिका महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी तळ्याकाठी त्यावर ओठ हलवायची. तान कुठे संपते ते नायिकेला पाळावं लागतं, गायिकेला नाही.

चिहिरोच्या वेळी सगळं उलटं. चित्रपट पुरा झालेला, जपानमध्ये २० जुलै २००१ला लागून तुफान चाललेला, बर्लिन महोत्सवाचं गोल्डन बेअरही मिळवून बसलेला. इंग्रजी आवृत्तीचं दिग्दर्शन कर्क वाइज यांच्याकडे होतं. डबिंगच्या खोलीत पडद्यावर तुकडा लागतो, कानात मूळ आवाज असतो, इशारा झाला की बोलायचं आणि पडद्यावरचं तोंड मिटलं की आपलंही मिटायचं. वाक्य कितीही सुंदर असो, तोंडात बसलं नाही तर बाद. सगळ्यात त्रास देतात ते आपण व्याकरणात शिकलेले ओष्ठ्य वर्ण: प, फ, ब, भ, म. हे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावर तोंड सताड उघडं असताना 'मम्मी' म्हटलं की प्रेक्षकाला नक्की काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये तोंडाचे आकार मोजकेच काढतात, त्यामुळे थोडी सूट मिळते. जिवंत नटाचा चित्रपट डब करणाऱ्याला तीही नाही.

शब्दांचं तरी अनुवादक बघतो. रडण्याचं काय? चित्रपटात हाकू हा तिला मदत करणारा मुलगा चिहिरोला भाताचे गोळे खायला देतो तो प्रसंग आठवा. ती आधी एक घास घेते, मग आणखी एक, आणि मग तिचा बांध फुटतो. बोरांएवढे टपोरे अश्रू, तोंडात भात, आणि घासांमधून हुंदके. तो प्रत्येक हुंदका आधीच रंगवलेला आहे. खांदे किती वेळा हलणार, श्वास कुठे अडकणार, सगळं ठरलेलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या मुलीच्या रडण्याच्या मापात स्वतःचं रडू बसवायचं, आणि ते उसनं वाटता कामा नये. मी हा प्रसंग भाचीला शेजारी बसवून आधी जपानीत आणि मग इंग्रजीत लागोपाठ लावला. जपानी रडणं जरा दबकं आहे, इंग्रजी थोडं मोकळं. भाचीला दोन्ही वेळा तितकंच वाईट वाटलं, आणि माझ्या लेखी तीच चेसला मिळालेली पावती. पुरस्कार लिलोला मिळाला हे ठीकच, पण अवघड काम चिहिरोचं होतं असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भावगीतात कविता आधी असते आणि संगीतकार तिला चाल लावतो. सिनेमात पुष्कळदा चाल आधी तयार असते आणि गीतकार तिच्यावर शब्द बसवतो. लिलो ही चाल लावलेली कविता, चिहिरो हे चालीवर लिहिलेलं गाणं. चालीवर लिहिलेलं गाणं कमअस्सल असतं असं कोणी म्हणणार नाही, फक्त मात्रा दुसऱ्याने मोजून दिलेल्या असतात.

इथे थांबलो तर मात्र घोटाळा होईल. 'आवाज आधी तर मूळ, चित्र आधी तर डबिंग' असं सोपं सूत्र कोणीही काढेल, आणि जपानमध्ये ते कोसळतं. तिथे मूळ आवाजसुद्धा बहुतेक वेळा चित्रं झाल्यावर, चित्रं बघतच घेतात. त्याला ते 'आफुरेको' म्हणतात, 'आफ्टर रेकॉर्डिंग'चं आखूड केलेलं रूप. उलट रीतही तिथे आहे, पण ती अपवाद: दिग्दर्शक इसाओ ताकाहातांच्या २०१३च्या 'प्रिन्सेस कागुया'चे संवाद आधी घेतले होते, म्हणून तर २०१२मध्ये वारलेले नट ताकेओ चिई त्या चित्रपटात बोलताना ऐकू येतात. आणि आपल्याकडे? 'लगान'ने २००१मध्ये जागेवरच ध्वनिमुद्रण केलं याची एवढी चर्चा झाली, कारण तोवर हिंदी नट सर्रास स्टुडिओत जाऊन स्वतःच्याच तोंडावर स्वतःचा आवाज चढवत होते. त्यालाही डबिंगच म्हणतात.

मग फरक कुठे धरायचा? मी एकच प्रश्न विचारतो: पडद्यावरचं तोंड कुठल्या भाषेसाठी हलतंय? ज्या भाषेसाठी ते हलवलं, त्या भाषेतला आवाज मूळ. बाकी सगळे डब.

त्या हिशेबाने चिहिरोचा मूळ आवाज रूमी हिइरागी. तीही बालकलाकारच, १९८७चा जन्म, आणि ती टीव्हीकडून आवाजाकडे आली. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीची सकाळची मालिका हा जपानमधला घरोघरी पाहिला जाणारा प्रकार. १९९९च्या 'सुझुरान'मध्ये ती नायिकेचं बालपण रंगवत होती. चिहिरो दहा वर्षांची, रूमी तेव्हा तेरा. पुढेही ती 'स्पिरिटेड अवे' काढणाऱ्या स्टुडिओ घिब्लीच्या चित्रपटांत अधूनमधून ऐकू येत राहिली, जसं २०११च्या 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल'मध्ये.

डबिंगवाल्यांना स्वातंत्र्य अजिबात नसतं असंही नाही. जपानी प्रेक्षकाला 'स्पिरिटेड अवे'मधली ती भलीमोठी इमारत बघताच कळतं की हे सार्वजनिक स्नानगृह आहे. अमेरिकन पोराला कसं कळणार? म्हणून इंग्रजी चिहिरो ते चक्क बोलून दाखवते. शेवटीही इंग्रजीत बापलेकीचं एक छोटं बोलणं वाढवलंय: नवं घर, नवी शाळा, थोडी भीती वाटणारच, आणि त्यावर तिचं 'जमेल मला'. जपानीत ते नाही. अशा भरीच्या ओळी सहसा पात्राचं तोंड दिसत नसेल तिथेच सरकवतात. शेवटची ती ओळ मला आवडत नाही. मूळ चिहिरो काही बोलत नाही, आणि तिला जमेल हे आपल्याला तोवर कळलेलं असतं. पण तो दोष लिहिणाऱ्यांचा. चेसने ती ओळ म्हटलीय छानच.

मार्च २००३च्या ऑस्करला लिलो आणि चिहिरो समोरासमोर आल्या. सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाच्या पाच नामांकनांत 'लिलो अँड स्टिच'ही होता आणि 'स्पिरिटेड अवे'ही. चिहिरो जिंकली. म्हणजे चेस स्वतःशीच हरली म्हणा, किंवा स्वतःशीच जिंकली.

पुढच्या प्रवासातही दोन कामांचा फरक दिसत राहतो. डब केलेली चिहिरो तिथेच संपली; एकदा बसवलं, झालं. लिलो मात्र तिला चिकटली. २००३ ते २००६ लिलोची टीव्ही मालिका चालली, तीत चेसच होती. गंमत म्हणजे मालिका चालू असतानाच, २००५मध्ये आलेल्या 'लिलो अँड स्टिच २'मध्ये लिलोला डकोटा फॅनिंगचा आवाज आहे. एकच पात्र, एकाच काळात दोन मुली! २००६च्या 'लेरॉय अँड स्टिच'मध्ये चेस परत आली, आणि त्याच वर्षी एचबीओच्या 'बिग लव्ह'मध्ये ऱ्होंडा म्हणून तिचा चेहराही टीव्हीवर दिसू लागला.

तोवर ती सोळाची झाली होती, आणि लिलो होती तेवढीच. मुलांच्या आवाजाची ही जुनी अडचण आहे. म्हणून तर जपानी शिनचॅनचा आवाज १९९२पासून २०१८पर्यंत अकिको याजिमा या बाईंचा होता, आणि अमेरिकेतल्या बार्ट सिम्पसनचा आवाज नॅन्सी कार्टराइट यांचा आहे. प्रौढ बाईचा आवाज फुटत नाही.

२०२५मध्ये 'लिलो अँड स्टिच' खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा आला. टिया करेरे त्यात आहेत, पण आता नानी म्हणून नाही, समाजसेविकेच्या भूमिकेत. लिलोला नवी मुलगी शोधावी लागली. लिलोचा परग्रहावरचा दोस्त स्टिच, त्याचा घोगरा आवाज मात्र मूळ चित्रपटाचे सहदिग्दर्शक ख्रिस सँडर्स यांचाच आहे, २००२मध्ये होता तोच.