सिक्वेन्सरमध्ये आवाज नसतो

गणेशोत्सवात गिरगाव-लालबागकडे एखाद्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा रंगात आलेला असताना कीबोर्डवादक क्षणभर दोन्ही हात उचलतो, तरीही बेस आणि ठेका चालूच राहतो. अशा वेळी प्रेक्षकांतून कुणीतरी हमखास म्हणते, ‘टेप लावली आहे.’ काही कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित ट्रॅक वाजवले जातात, हे खरेच आहे. परंतु वादक वर्कस्टेशन कीबोर्डमधला सिक्वेन्सर वापरत असेल, तर ही समजूत मुळातच चुकीची ठरते, कारण सिक्वेन्सरमध्ये आवाज साठवलेलाच नसतो. त्यात वादकाच्या कृतींची नोंद असते: कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली. या नोंदी वाचून कीबोर्ड प्रत्येक वेळी आवाज नव्याने निर्माण करतो.

ही नोंद ज्या सांकेतिक भाषेत होते, ती मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका केबलने जोडून दाखवण्यात आले आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. पुढे १९८८ मध्ये आलेल्या कॉर्ग एम-१ ने आवाज, इफेक्ट आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच वाद्यात देऊन वर्कस्टेशन हा प्रकार घरोघरच्या वादकांपर्यंत पोहोचवला.

मधला ‘सा’, म्हणजे पांढरी एक, दाबली की तीन आकडे तयार होतात: १४४, ६० आणि, समजा, ९६. पहिला आकडा ‘पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू’ असे सांगतो, दुसरा पट्टीचा क्रमांक आहे आणि तिसरा दाबण्याचा वेग. पट्टीखाली साधारणतः दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना पहिला आणि दुसरा जुळण्यामध्ये जो सूक्ष्म काळ जातो, त्यावरून हा वेग ठरतो. म्हणजे आपण ज्याला ‘जोर’ म्हणतो, तो यंत्राच्या दृष्टीने काळच असतो. सीडीच्या दर्जाचे चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण सुमारे ४२ मेगाबाइट जागा घेते. तेवढ्याच लांबीच्या, पाच हजार स्वरांच्या गाण्याची मिडी नोंद साधारण ४० किलोबाइटमध्ये मावते.

मात्र या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटते ती काळाची मोजणी. सिक्वेन्सर काळ सेकंदांत मोजत नाही, तो ठोक्याचे समान तुकडे करतो आणि अशा एका तुकड्याला टिक म्हणतात. अनेक यंत्रांत एका ठोक्याचे ४८० टिक असतात. मिनिटाला १२० ठोके अशी लय असेल, तर एक टिक साधारण एक मिलिसेकंदाचा होतो. लय कमी केली की टिक लांबतो, पण नोंदीतला एकही आकडा बदलत नाही आणि त्यामुळे स्वरही उतरत नाही. आता ठोक्याच्या चौथाईवर, म्हणजे १२० व्या टिकवर, यायचा स्वर वादकाने १३२ व्या टिकवर वाजवला असे समजा. क्वांटाइझ केले, म्हणजे स्वर ठोक्याच्या समान भागांच्या जाळीवर बसवले, की यंत्र त्याला जवळच्या रेघेवर, १२० वर, आणून ठेवते; ५० टक्केच क्वांटाइझ केले तर तो १२६ वर थांबतो आणि हाताचा थोडा स्वभाव शिल्लक राहतो. पण दादऱ्याच्या अंगाच्या चालीत, जिथे एका ठोक्याचे तीन समान भाग पडतात, तिथे स्वर ०, १६० आणि ३२० वर असतात. त्यांना चौथाईच्या रेघांवर ओढले, तर १६० चा स्वर १२० वर आणि ३२० चा ३६० वर जातो. १६०-१६०-१६० हे अंतर १२०-२४०-१२० होते आणि डुलणारी चाल लंगडू लागते. अशा वेळी दोष यंत्राचा नसतो, जाळी चुकीची निवडलेली असते. तिहाईची जाळी निवडली की स्वर जागच्या जागी राहतात. ४८० ला तीन आणि पाच या दोघांनी निःशेष भाग जातो, तो याच कामी येतो. सातने मात्र जात नाही, म्हणून एका ठोक्यात सात स्वर बसवायचे झाल्यास त्यांच्या जागा जवळच्या टिकवर धराव्या लागतात. ही चूक अर्ध्या टिकहून अधिक नसते आणि ती कानाला कळत नाही.

नोंद आकड्यांची असल्यामुळे गायिकेने आयत्या वेळी काळी चारऐवजी पांढरी पाच मागितली तरी अडत नाही. प्रत्येक स्वराच्या क्रमांकातून एक वजा केला की झाले. मात्र ड्रमचा ट्रॅक यातून वगळावा लागतो. तिथे क्रमांक स्वर दाखवत नाही, वाद्य दाखवतो: १९९१ च्या जनरल मिडी संकेतानुसार ४२ म्हणजे मिटलेली हाय-हॅट आणि ४१ म्हणजे टॉम, त्यामुळे एक वजा करताच झांजेच्या जागी ढोल घुमू लागतो.

४३२ हर्ट्झच्या ‘आरोग्यदायी’ सुरांचे जे स्तोम समाजमाध्यमांवर माजले आहे, त्याबद्दलही इथेच सांगितले पाहिजे. नोंदीत मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचा ६९ हा क्रमांक असतो, हर्ट्झ नसतातच. त्या पट्टीने किती हर्ट्झवर वाजायचे हे ठरवणारे कीबोर्डचे मास्टर ट्यूनिंग नेहमीच्या ४४० वरून ४३२ वर आणले की तेच गाणे सुमारे ३२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास एक तृतीयांश, उतरते. स्वरांमधली परस्पर अंतरे तशीच राहतात. त्या आकड्यात रोग बरे करण्याची शक्ती असल्याचा दावा पुराव्यावाचून केला जातो आणि आजारी माणसाने त्यावर विसंबून उपचार लांबवणे धोक्याचे आहे.

संपादन करताना नवख्या वादकाला सर्वाधिक छळते ती मींड. मींड घेण्यासाठी स्वर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकाची स्थिती ० ते १६३८३ अशा आकड्यांत पाठवली जाते आणि ८१९२ हा तिचा मध्य असतो. चाक मध्यावर परतण्यापूर्वीच पंच-आउट झाले, म्हणजे ध्वनिनोंदणी थांबली, किंवा मींडेचा शेवटचा तुकडा पुसला गेला, तर शेवटचा आकडा तसाच लागू राहतो आणि त्या ट्रॅकचे पुढचे सगळे स्वर बेसूर लागतात. स्वर पुन्हा वाजवून ही चूक जात नाही, कारण ती स्वरांत नसतेच. इव्हेंट लिस्ट, म्हणजे सगळ्या नोंदींची ओळीने मांडलेली यादी, उघडून बेंडची शेवटची ओळ शोधावी आणि तिच्यानंतर, पुढच्या स्वराच्या आधीच्या टिकवर, मध्याची नोंद घालावी. अनेक यंत्रांच्या पडद्यावर हा मध्य ० असा दिसतो.