पेशीला हवा असतो जखमेचा निरोप

१८ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेसेनकायमल मूलपेशींपासून (मूलपेशी म्हणजे ‘स्टेम सेल’) तयार केलेल्या औषधाला त्या देशात प्रथमच मान्यता दिली. दुसऱ्याच्या रक्तोत्पादक मूलपेशी बसवल्यानंतर कधीकधी दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. ज्या मुलांमध्ये स्टेरॉइड देऊनही हा हल्ला आवरत नाही, त्यांच्यासाठी हे औषध आहे. बातमी आनंदाची होतीच, पण औषधाच्या माहितीपत्रकातील एका ओळीपाशी मी अडखळलो. गाईच्या किंवा डुकराच्या प्रथिनांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे, त्यांना हे औषध देऊ नये, असे तेथे छापले आहे. पेशी माणसाच्या, दाता माणूस आणि रुग्णही माणूसच; मग मध्ये गाय आणि डुक्कर आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर खानदेशातील वाचकाला समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण ऊतिसंवर्धन हा शब्द येथे शेतीतून घरोघरी पोहोचला आहे. रावेर आणि यावल तालुक्यांतील केळी उत्पादक ‘जी-नाइन’ या वाणाची टिश्यू कल्चर रोपे लावतात. ज्या बाटलीत ती रोपे वाढतात, त्या बाटलीतील प्रत्येक घटक वजनासह कागदावर लिहून देता येतो. क्षार, साखर, थोडी जीवनसत्त्वे, अगार आणि अगदी अल्प प्रमाणात वनस्पती-संप्रेरके, एवढीच ती यादी असते. तिचा पाया असलेली मुराशिगे आणि स्कूग यांची कृती १९६२ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी मात्र वनस्पतीच्या पेशी वाढवण्यासाठी नारळपाणीही घालत असत. त्यात नेमके काय आहे हे कोणाला सांगता येत नव्हते, पण त्याने पेशी वाढत होत्या. रावेर तालुक्यातील एका गावी या विषयावर बोलत असताना एका शेतकऱ्याने मला विचारले, “सर, माणसाच्या पेशीलाही असेच मोजून-मापून खतपाणी देता येत नाही का?” प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. माणसाच्या पेशींचे ‘नारळपाणी’ म्हणजे गाईच्या गर्भातील वासराचे सीरम, आणि ते अजून पूर्णपणे सुटलेले नाही.

मेसेनकायमल मूलपेशी अस्थिमज्जेत, चरबीत आणि नाळेतही सापडतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी यांच्या पेशी बनू शकतात. पण उपचारात त्यांचा जो उपयोग अपेक्षित आहे, तो प्रामुख्याने भडकलेली प्रतिकारयंत्रणा त्या सोडत असलेल्या रेणूंमुळे शांत होते यासाठी. अडचण संख्येची आहे. अस्थिमज्जेतील दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच पेशी असते. वर उल्लेखलेल्या औषधाची एका वेळची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० लाख पेशी अशी आहे, आणि ती आठवड्यातून दोनदा, चार आठवडे द्यायची असते. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला एका वेळी ४ कोटी आणि एकूण ३२ कोटी पेशी लागतात. त्या काचपात्रातच वाढवाव्या लागतात.

त्यासाठी क्षार, ग्लुकोज आणि अमिनो आम्ले यांच्या द्रावणात साधारण १० टक्के वासराचे सीरम घालण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. कत्तलखान्यात कापलेली गाय गाभण निघाली, तर गर्भाच्या हृदयातून रक्त काढतात, ते गोठू देतात आणि गुठळी काढून उरलेला पिवळसर द्रव गोठवून विकतात. गर्भच का, याचे कारण गोठा सांभाळणाऱ्याला लगेच पटेल. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे वासराकडे जात नाहीत, ती त्याला जन्मानंतर चिकातून मिळतात, आणि म्हणूनच नवजात वासराला चीक पाजण्याची आपण घाई करतो. चीक न प्यालेल्या गर्भाच्या सीरममध्ये प्रतिपिंडे नगण्य असतात, त्यामुळे काचपात्रातील परक्या पेशींना त्यांचा उपद्रव होत नाही.

या सीरमचे दोष आता सर्वज्ञात आहेत. त्याच्या दोन खेपा कधी सारख्या निघत नाहीत. गुरांचे विषाणू आणि ‘मॅड काऊ’ रोगाची प्रिऑन प्रथिने यांची धास्ती कायम राहते. शिवाय पेशी कितीही धुतल्या, तरी त्या ही प्रथिने सोडत नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार दहा कोटी पेशींबरोबर ७ ते ३० मिलिग्रॅम वासराची प्रथिने रुग्णाच्या शरीरात जाऊ शकतात. त्याच्या दोन वर्षे आधी, ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असलेल्या मुलांवरील एका अभ्यासात एका मुलाच्या रक्तात या सीरमविरुद्ध प्रतिपिंडे आढळली होती. आणि त्या न जन्मलेल्या जिवाचा प्रश्न आहेच. तो मी गौण मानत नाही.

तर मग सीरम सोडून का देत नाहीत? कारण सीरम हे केवळ अन्न नाही. येथून पुढचा भाग मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

रक्तद्रव आणि सीरम यांत फरक आहे. रक्त गोठू न देता त्यातील पेशी काढून टाकल्या की उरतो तो रक्तद्रव. रक्त गोठू दिल्यावर गुठळीबाहेर उरते ते सीरम. १९७४ साली रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की रक्तवाहिनीच्या स्नायुपेशी सीरममध्ये भराभर विभागतात, पण रक्तपट्टिका (प्लेटलेट्स) आधीच काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून बनवलेल्या सीरममध्ये त्या जिवंत राहूनही जवळजवळ स्वस्थ बसतात. त्यात रक्तपट्टिकांमधील द्रव्य घातले, की विभाजन पुन्हा सुरू होते. अन्न दोन्हीकडे होते, उणीव फक्त निरोपाची होती. शरीरात रक्त कोठे गोठते? जखमेपाशी. गुठळी होताना रक्तपट्टिका आपल्या पोटातील कणिका रिकाम्या करतात आणि आजूबाजूच्या पेशींना ‘येथे तूट पडली आहे, भरून काढा’ असा निरोप जातो. काचपात्रातील पेशी सीरममध्ये वाढते, ती आपण एखाद्या जखमेच्या काठावर आहोत असे समजून.

या निरोपातील प्रमुख रेणूला पीडीजीएफ, म्हणजे रक्तपट्टिकाजन्य वृद्धिघटक, असे म्हणतात. तो दोन साखळ्या जोडून बनलेला असल्यामुळे त्याला जणू दोन हात असतात. पेशीच्या पटलात त्याचे ग्राही, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिने, सुटे सुटे फिरत असतात. हा रेणू एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरा ग्राही पकडून त्यांना शेजारी आणतो. जवळ आल्याबरोबर त्यांची आतली टोके एकमेकांवर टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागी फॉस्फेटचे गट चढवतात. त्या फॉस्फेटवर पेशीतील इतर प्रथिने येऊन चिकटतात, रास नावाचे प्रथिन जागे होते, त्यापुढे रॅफ, मेक आणि अर्क ही विकरे एकामागून एक चेतवली जातात आणि निरोप केंद्रकात पोहोचून सायक्लिन-डी या प्रथिनाची निर्मिती वाढते. सायक्लिन-डी आपल्या जोडीदार विकराच्या मदतीने आरबी नावाच्या पहारेकऱ्यावरही फॉस्फेट चढवते, तेव्हा त्याची पकड सुटते आणि डीएनएची प्रत काढण्यासाठी लागणारी जनुके मोकळी होतात. ही साखळी एका वाचनात लक्षात राहिली नाही तरी हरकत नाही. तिच्या शेवटी काय घडते ते महत्त्वाचे आहे. आर्थर पार्डी यांनी त्याच १९७४ साली दाखवल्याप्रमाणे पेशीच्या चक्रात एक निर्णायक बिंदू असतो. तेथवर निरोप मिळत राहिला पाहिजे. तो ओलांडल्यावर निरोप थांबला तरी पेशी विभाजन पूर्ण करते. भुसावळहून सुटणारी गाडी स्टार्टर सिग्नल ओलांडून गेली, की मागे सिग्नल लाल झाल्याने ती थांबत नाही, तसेच हे आहे. १९८३ साली असे लक्षात आले, की माकडांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतील जनुक या पीडीजीएफच्याच एका साखळीशी जवळजवळ जुळणारे आहे. त्या विषाणूने बाधित पेशी स्वतःच स्वतःला जखमेचा निरोप देत राहते.

एवढे कळल्यावर वासराची अपरिहार्यता संपते. निरोप रक्तपट्टिकांचा असेल, तर तो माणसाच्या रक्तपट्टिकांकडूनही घेता येईल. धुळ्यातील एका रक्तपेढीत तंत्रज्ञ भगिनींनी मला रक्तपट्टिकांची पिशवी उजेडापुढे धरून दाखवली होती. पिशवी हलकेच दाबली की फिकट पिवळ्या द्रवात रेशमी झळाळीचे भोवरे उठतात. तबकडीच्या आकाराच्या निरोगी रक्तपट्टिका प्रकाश विखुरतात, त्याची ती झळाळी. रक्तपट्टिका मरू लागल्या की गोल होतात आणि भोवरे दिसेनासे होतात. २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलणाऱ्या तबकांवर ठेवूनही त्यांचे आयुष्य पाच दिवसांचे असते. डेंग्यूच्या दिवसांत एकेका पिशवीसाठी नातेवाइकांची धावपळ होते, आणि साथ ओसरल्यावर मुदत संपलेल्या पिशव्या जैववैद्यकीय कचऱ्यात जातात. रुग्णाला न चालणाऱ्या या पिशव्यांतील वृद्धिघटक मात्र शाबूत असतात. त्या उणे ८० अंशांवर गोठवून ३७ अंशांवर वितळवल्या, हे दोन-तीनदा केले, की रक्तपट्टिका फुटतात. मग आवरणांचे तुकडे गाळून काढतात, अनेक दात्यांचा द्रव एकत्र करतात, आणि त्यामुळे खेपांमधील फरकही कमी होतो. २००५ सालापासून मूलपेशींसाठी हा द्रव अभ्यासला जात आहे. सामान्यतः त्यात पेशी वासराच्या सीरमपेक्षा अधिक वेगाने वाढतात.

येथे एक अडचण उद्भवते. या द्रवात रक्तद्रवातील फायब्रिनोजेन हे गुठळी बनवणारे प्रथिन उरलेले असते आणि संवर्धन माध्यमात कॅल्शियम असते. दोन्ही एकत्र आले की फ्लास्कमध्ये जेलीसारखी गुठळी होण्याचा धोका असतो. ती टाळण्यासाठी हेपॅरिन घालतात, आणि हेपॅरिन बनते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून. वाढलेल्या पेशी पृष्ठभागावरून सोडवण्यासाठी पूर्वापार वापरलेले ट्रिप्सिनही डुकराच्या स्वादुपिंडातून येते. गाय पुढच्या दाराने गेली आणि डुक्कर मागच्या दाराने आले. म्हणून हल्ली कॅल्शियम क्लोराइड घालून गुठळी आधीच करवून काढून टाकतात, आणि ट्रिप्सिनऐवजी सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेले विकर वापरतात. ‘प्राणिजन्य घटकांविना’ असा दावा वाचताना केवळ सीरमपुरते न पाहता ही सारी साखळी तपासली पाहिजे.

दाव्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ उपचार देऊ करणारी पत्रके आता तालुक्याच्या गावीही हाती पडतात. एक पत्रक मीही जपून ठेवले आहे. त्यात पेशी कोणत्या, किती आणि कशात वाढवलेल्या, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विशिष्ट आजारांसाठी रक्तोत्पादक मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच प्रस्थापित उपचार होता. बाकी वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा होता. त्यानंतर औषध नियंत्रकांनी मोजक्या उत्पादनांना ठरावीक आजारांपुरती मान्यता दिली आहे, पण ती पत्रकातल्या प्रत्येक इंजेक्शनला लागू होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेलग्रस्त कुटुंबांनी हा भेद विशेष लक्षात ठेवावा: सिकलसेल बरा करू शकते ते जुळणाऱ्या दात्याच्या रक्तोत्पादक मूलपेशींचे प्रत्यारोपण. मेसेनकायमल पेशी ही निराळी गोष्ट आहे.

माणसाच्या रक्तपट्टिकांचा द्रवही दात्यांवर अवलंबून आहे, आणि रक्तातून येणाऱ्या विषाणूंची चाचणी त्याला चुकत नाही. त्यामुळे पुढचा प्रयत्न आहे तो रावेरच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारा: प्रत्येक घटक माहीत असलेले, मोजून बनवलेले माध्यम. पीडीजीएफ आणि इतर वृद्धिघटक जीवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेता येतात, जसे मधुमेहाचे इन्सुलिन १९८२ पासून मिळते. मानवी अल्ब्युमिन तर जनुक बदललेल्या भाताच्या दाण्यातही तयार केले गेले आहे. पण सीरममध्ये पेशीला तळाशी चिकटवून ठेवणारी प्रथिनेही असतात. ती नसली तर या पेशी पृष्ठभाग नीट धरत नाहीत आणि मरतात, म्हणून फ्लास्कच्या तळाला आधी व्हिट्रोनेक्टिन किंवा फायब्रोनेक्टिनचा लेप द्यावा लागतो. शिवाय माध्यम बदलले की पेशींचा आकार, वेग आणि त्या सोडत असलेले रेणूही काही प्रमाणात बदलतात. मान्यता मिळते ती एका ठरावीक पद्धतीने वाढवलेल्या पेशींना. पद्धत बदलली तर त्या पेशी पूर्वीसारख्याच आहेत हे नव्याने सिद्ध करावे लागते, प्रसंगी रुग्णांवरील चाचण्यांसह. त्यामुळे जुन्या पद्धतीने वाढवलेल्या पेशींच्या माहितीपत्रकात गाय आणि डुक्कर यांची ती ओळ अजून छापावी लागते.