निर्वात गळती : फेरफार केलेल्या मोटारगाडीतील निदान व दुरुस्ती

पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत) थ्रॉटलच्या, म्हणजे हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या, झडपेला चुकवून, भेगेतून किंवा सैल सांध्यातून बाहेरची हवा शिरणे म्हणजे निर्वात गळती. गॅरेजात तिला ‘व्हॅक्यूम लीक’ म्हणतात, किंवा नुसते ‘गाडी एअर घेतेय’. आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) इंजिन थरथरणे, आरपीएम वरखाली होणे किंवा उगाच चढलेले राहणे, सिग्नलला गाडी बंद पडणे, मिसफायर (सिलिंडरात मिश्रण नीट न पेटणे) आणि ‘चेक इंजिन’चा दिवा ही तिची लक्षणे होत. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र), कॅच कॅन (तेलाची वाफ अडवणारा डबा), बूस्ट गेज (टर्बोने वाढवलेला दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारे मापक), सिलिकॉन होज असे बदल केलेल्या गाडीत सांधे वाढतात आणि ते बहुधा कारखान्याबाहेर जोडलेले असतात. म्हणून अशा गाडीत हा दोष जास्त आढळतो आणि त्याचे निदानही अवघड होते.

आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढतात, पण ती पुरेशी येत नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो (समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल असतो). व्हॅक्यूम गेजवर हेच माप पाऱ्याच्या सुमारे ४३० ते ५६० मिमी. असे दिसते. उंचीवर दर ३०० मीटरला ते सुमारे २५ मिमी.ने घटते.

इतिहास : हा फुकटचा निर्वात कामाला जुंपण्याची सुरुवात नेमकी कोठे झाली याविषयी एकमत नाही. व्हॅक्यूमवर चालणारे वायपर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच आले. निर्वाताच्या जोराने ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या ब्रेक बूस्टरचे श्रेय बहुतेक ठिकाणी बेल्जियन अभियंता अल्बेर द्यवांद्र यांना दिले जाते आणि त्यासाठी १९२७ हे साल सांगतात. अमेरिकी लेखन मात्र ब्रॅग व क्लीसरॅथ यांच्या त्याच दशकातील ब्रेककडे आणि १९२८ च्या सुमाराच्या पिअर्स-अॅरो गाड्यांकडे बोट दाखवते. दोन्ही प्रयत्न समांतर चालू होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सध्याच्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की त्या काळापासून मॅनिफोल्डला एकेक नळी जडत गेली. १९६० च्या दशकात क्रॅंककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातील) वाफ परत इनटेकमध्ये घेणारी पीसीव्ही झडप आली. १९७० च्या सुमारास इंधन टाकीची वाफ साठवणारी व्यवस्था आली, नंतर एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये नेणारी ईजीआर. प्रत्येक सुधारणेबरोबर गळतीची एक नवी जागा तयार झाली. कार्ब्युरेटरच्या काळात मेकॅनिक स्क्रू फिरवून हवा-पेट्रोलचे मिश्रण जाड (पेट्रोल जास्त असलेले) करी आणि गळती झाकली जाई. १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत बॉशचा लॅम्डा सेन्सर आला आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून इंधन सुधारणारी यंत्रणा रूढ होऊ लागली. गळती आकड्यांत दिसू लागली ती तेव्हापासून.

गळतीचे गणित : भोकातून किती हवा शिरते, हे कळल्याशिवाय पुढचे निदान समजत नाही. भोकाच्या आतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे ०·५३ पटीखाली गेला, की त्यातून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि प्रवाह तिथेच अडतो. आत आणखी निर्वात निर्माण झाला तरी हवा वाढत नाही. आयडलिंगचे इंजिन या मर्यादेच्या बऱ्याच खाली असते, म्हणून गळती ही ठरावीक मापाची चोरी ठरते. ३ मिमी. व्यासाच्या भोकातून सेकंदाला साधारण १·२ ग्रॅम हवा येते. १·६ लिटरच्या इंजिनाला आयडलिंगला लागते सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मी हवा बिनहिशेबी. दीड मिमी.चे भोकसुद्धा दहा टक्क्यांच्या वर जाते. हेच इंजिन हमरस्त्यावर सेकंदाला १५ ग्रॅम हवा घेत असताना ३ मिमी.च्या गळतीचा वाटा आठ टक्क्यांवर येतो, आणि पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात उरतच नसल्याने तो शून्यावर जातो. ‘पळताना मस्त, थांबली की रडते’ ही मालकांची तक्रार या गणितातून निघते.

हवा कोण मोजतो : एकच भेग दोन गाड्यांत वेगळी लक्षणे दाखवते आणि बरेचसे वाद येथूनच सुरू होतात. एअर फिल्टरनंतर हवेचे वस्तुमान मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत गळतीची हवा त्याच्या मागून शिरते. ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) ती ठाऊक नसते. तो हवा-पेट्रोलच्या १४·७ ला १ या प्रमाणासाठी कमी पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होते. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या एमएपी पद्धतीत मात्र गळतीने दाब वाढतो, सेन्सर तो टिपतो आणि ईसीयू जादा पेट्रोल देतो. मिश्रण बरेचसे बरोबर राहते, पण आयडल चढते. बॉशच्या १९६७ च्या डी-जेट्रॉनिकमध्ये दाब मोजत आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील एल-जेट्रॉनिकमध्ये हवेचा प्रवाह मोजत, त्यामुळे हा भेद तसा जुनाच आहे.

एमएपी गाडीला गळती बाधत नाही, असे ट्यूनिंग करणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. भेग एका सिलिंडरच्या रनरजवळ (त्या सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीजवळ) असेल, तर सरासरी दाब ठीक दिसूनही तो एक सिलिंडर पातळ जळतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळे थ्रॉटल बसवून केवळ थ्रॉटलच्या कोनावर चालवलेल्या इंजिनाला तर गळती दिसतच नाही.

टर्बो असेल तर दिशाच उलटते. थ्रॉटल आणि इंजिन यांमधली भेग आयडलिंगला हवा आत घेते आणि बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर टाकते. एमएएफ गाडीत म्हणून आयडलिंगला मिश्रण पातळ आणि बूस्टमध्ये जाड आढळते. हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम असली, तर तो आयडलिंगला किंचित उघडा राहून न गाळलेली हवा घेत बसतो.

निदान : ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१७१ किंवा पी०१७४ हे पातळ मिश्रणाचे कोड, पी०३०० हा मिसफायरचा आणि पी०५०७ हा चढलेल्या आयडलचा कोड मिळतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांत ही सोय असते. मात्र कोडपेक्षा फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोलच्या मापात टक्क्यांनी करत असलेल्या दुरुस्तीचे) आकडे अधिक बोलके असतात. आयडलिंगला तात्कालिक व दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक वीस टक्के आणि २,५०० आरपीएमला अधिक तीन-चार आली, तर गळती जवळपास नक्की. उलट भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल पंप अशक्त आहे किंवा एमएएफ मळला आहे. लॅम्डा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटका असला, तर तोही बाहेरची हवा ओढून खोटे पातळपण दाखवतो. मोठा हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा संच) बसवलेल्या गाडीत ही शंका आधी फेडून घ्यावी.

व्हॅक्यूम गेजवर विसंबताना एक सावधगिरी हवी. जादा ओव्हरलॅपचा (इनटेक व एक्झॉस्ट झडपा एकाच वेळी जास्त काळ उघड्या ठेवणारा) कॅमशाफ्ट बसवला असेल, तर गळती नसतानाही निर्वात २५० ते ३०० मिमी.वर येऊ शकतो आणि सुई नाचते. अशा गाडीची तुलना मूळ गाडीच्या आकड्याशी करू नये. तिचाच जुना आकडा प्रमाण धरावा.

प्रत्यक्ष जागा शोधताना आधी कान, मग बोटे. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवले, की फुस्कारा नेमका कळतो. इंजिन बंद करून नळ्या वाकवून पाहाव्यात. पीसीव्हीच्या एल्बोची खालची बाजू तेलाने मऊ होऊन चिरते आणि ही चीर नळी सरळ असताना मिटलेली राहते. वापरात नसलेल्या निपलवर (नळी जोडायच्या तोंडावर) चढवलेली रबरी टोपी वरून धडधाकट दिसते, पण काढून पिळली तर बुडाशी उभ्या भेगांची जाळी उघडते. स्वस्त बदलांमधली ही सर्वांत दुर्लक्षित जागा होय. एकेक नळी आळीपाळीने दाबून आयडल बदलते का पाहणे हाही बिनखर्ची उपाय आहे. ब्रेक बूस्टरची चाचणी वेगळी : इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून, धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे.

सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, पण तप्त एक्झॉस्टजवळ तिने आग लागू शकते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापल्यावर विषारी वायू देतो, तो वापरूच नये. धुराची चाचणी यापेक्षा निश्चितच सरस ठरते. बंद डब्यात खनिज तेल तापवून केलेला धूर सुमारे ७ किलोपास्कलपेक्षा कमी दाबाने, इंजिन बंद व गार असताना इनटेकमध्ये सोडतात. सर्व तोंडे बुजवली असतील, तर भेगेतून धुराची बारीक दोरी वर येते आणि वाद संपतो. दाब वाढवला तर क्रॅंकचे सील निकामी होण्याची भीती असते. टर्बोच्या नळ्या मात्र जास्त दाबाने, साबणाचे पाणी लावून तपासाव्या लागतात. तेव्हा पीसीव्हीचा मार्ग वेगळा बंद करतात.

दुरुस्ती : बहुतेक गळत्या नळीच्या टोकाशी असतात. टोक कडक होऊन पकड सुटलेली असते. लांबी पुरत असेल, तर एक-दोन सेंमी. कापून पुन्हा चढवणे हीच सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ दुरुस्ती. पुरत नसेल, तर मीटरवर मिळणारी व्हॅक्यूम होज घ्यावी, मात्र जागेनुसार. ईपीडीएम रबर तेलाने फुगते, म्हणून ते पीसीव्हीवर चालत नाही. सिलिकॉन उष्णता सोसते, पण तेलाची वाफ आणि पेट्रोल सोसत नाही, आणि पातळ भिंतीची सिलिकॉन नळी निर्वाताने चपटी होते. मत्स्यालयाची पारदर्शक नळी बॉनेटखाली काही दिवसांतच ढिली पडते. रबरी टोपीऐवजी नळीच्या छोट्या तुकड्यात गुळगुळीत बोल्ट घालून दोन्हीकडे क्लॅम्प आवळणे जास्त भरवशाचे असते.

थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट शीटमधून घरी कापता येते. पृष्ठभाग स्वच्छ व सपाट असणे त्यात सर्वांत महत्त्वाचे. सीलंट लावायचे झाल्यास ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित असलेलेच आणि अगदी पातळ लावावे. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन टाळावे. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळतात. इंजेक्टरचे ओ-रिंग एफकेएम रबराचे घेऊन तेलाचा हलका हात लावून बसवावेत. नायलॉनच्या मॅनिफोल्डवरील भेग इपॉक्सीने बराच काळ टिकते. पॉलिप्रॉपिलीनला मात्र ते चिकटत नाही. स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप घरी पोचण्यापुरती. ब्रेक बूस्टरच्या नळीवर टेप, इपॉक्सी वा जोड काहीही चालणार नाही, ती नळी चेक व्हॉल्व्हसह (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेसह) बदलावीच लागते.

दुरुस्तीनंतर ईसीयूची शिकलेली ट्रिम पुसून गाडी काही दिवस चालवतात आणि आयडलिंग व २,५०० आरपीएम या दोन्ही ठिकाणी ट्रिम शून्याच्या आसपास पाच टक्क्यांत येतात का पाहतात. गळती असतानाच मॅपमध्ये (ईसीयूतील पेट्रोलच्या तक्त्यात) पेट्रोल वाढवून घेण्याची प्रथा सर्रास आढळते आणि ती घातक आहे. पुढे कधी नळी बदलली, की तोच मॅप आयडलिंगला प्लग काळे करू लागतो आणि नवा दोष शोधण्यात वेळ जातो. रीमॅपिंग आधीच झालेले असेल, तर गळती मिटवून आयडलचा भाग पुन्हा ट्यून करून घ्यावा लागतो.