अश्रूंचा महामार्ग: बस नसलेल्या रस्त्याची पार्श्वभूमी

कॅनडाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागात, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्ट बंदरापासून आतल्या प्रिन्स जॉर्ज शहरापर्यंत महामार्ग क्रमांक १६ जातो. अंतर सुमारे ७२० किलोमीटर. दोन्ही बाजूंना डोंगर, नद्या आणि मैलोनमैल सूचिपर्णी जंगल. मधूनच एखादं लाकूड कारखान्याचं गाव, एखादी मूलनिवासींची राखीव वसाहत, पुन्हा जंगल. या रस्त्यावरून आणि त्याला येऊन मिळणाऱ्या महामार्गांवरून गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत कितीतरी स्त्रिया आणि मुली नाहीशा झाल्या. काहींचे मृतदेह सापडले, काहींचं काहीच सापडलं नाही. १९९८ मध्ये टेरेस या गावात त्यांच्या आठवणीसाठी लोक जमले, तेव्हा या रस्त्याला ‘अश्रूंचा महामार्ग’ हे नाव मिळालं. सरकारी नकाशावर ते नाही, पण आज जगभर हा रस्ता त्याच नावाने ओळखला जातो.

या प्रकरणांबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र समोर येतं: निर्जन रस्ता, अंधार आणि कुणीतरी अज्ञात खुनी. मला हे चित्र दिशाभूल करणारं वाटतं. जी थोडी प्रकरणं उलगडली, त्यांतून एकच माणूस पुढे आलेला नाही. १९७४ मध्ये मारल्या गेलेल्या एका १६ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०१२ मध्ये डीएनए जुळला तो बॉबी जॅक फाउलर या अमेरिकन गुन्हेगाराशी. तो २००६ मध्येच ओरेगॉनच्या तुरुंगात मरण पावला होता, त्यामुळे खटला उभाच राहिला नाही. १९७८ मध्ये मारल्या गेलेल्या एका १२ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी गॅरी हँडलेन २०१९ मध्ये दोषी ठरला, म्हणजे चाळीस वर्षांनी. कोडी लेजेबोकॉफ हा तर पूर्ण वेगळ्या पिढीतला. नोव्हेंबर २०१० मध्ये वँडरहूफजवळच्या एका जंगलवाटेवरून रात्री भरधाव बाहेर पडलेली त्याची गाडी एका तरुण पोलिसाला संशयास्पद वाटली, म्हणून तो सापडला. तीन स्त्रिया आणि एका १५ वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तीन वेगळी माणसं, तीन वेगळे काळ, महामार्गांचं जाळं मात्र एकच. म्हणून आधी हा प्रदेश असा कसा घडला ते पाहायला हवं.

रस्ता येण्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी सिमशियान, गिटक्सान, वेट्सुवेटेन, डाकेल अशा अनेक राष्ट्रांची होती. नदीत येणाऱ्या सामन माशांवर त्यांचं वर्ष चाले आणि गावागावांना जोडणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या व्यापारवाटा होत्या. १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टने त्यांचं जगणं छोट्या राखीव वसाहतींमध्ये कोंबलं. या कायद्यातली एक तरतूद आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. मूलनिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचा कायदेशीर दर्जा जात असे, आणि त्याबरोबर आपल्या वसाहतीत राहण्याचा हक्कही. पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी लग्न केलं तर त्याला काहीच गमवावं लागत नसे. ही तरतूद १९८५ पर्यंत टिकली. नवरा सोडून गेला किंवा वारला, तरी हजारो स्त्रियांना माहेरच्या वसाहतीत परतण्याचा कायदेशीर रस्ता उरला नव्हता.

१९१४ मध्ये ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वे पूर्ण झाली आणि तिच्या कडेने नवी गावं वसली. १९२२ मध्ये फ्रेझर लेकजवळ लेजॅक इथे निवासी शाळा सुरू झाली. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून, त्यांची भाषा विसरायला लावून ‘सुधारण्याची’ ही देशव्यापी व्यवस्था होती, आणि १९२० पासून मुलांना तिथे पाठवणं कायद्याने सक्तीचं झालं होतं. १९३७ च्या नववर्षदिनी लेजॅकमधून चार मुलगे घरी जायला पळाले आणि गोठलेल्या तळ्यावर थंडीने मेले. सगळे दहा वर्षांच्या आतले होते. शाळा १९७६ पर्यंत चालू राहिली. मुलांना घरातून नेण्यासाठी, पळालेल्यांना पकडून आणण्यासाठी अनेकदा पोलिसच येत. रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिस (आरसीएमपी, म्हणजे कॅनडाचं केंद्रीय पोलिस दल) हे नाव या भागातल्या आजी-आजोबांच्या आठवणीत मुलं घेऊन जाणारी माणसं म्हणूनच बसलं आहे. पुढे पन्नास वर्षांनी त्याच घरातली एखादी मुलगी रात्री परतली नाही, तर घरच्यांनी त्याच वर्दीकडे धाव घ्यावी, ही अपेक्षा किती जड होती ते यावरून कळतं.

पक्का महामार्ग हा मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर तयार झाला. त्याच्या मागोमाग मोठे उद्योग आले. किटिमाटच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला वीज हवी म्हणून १९५२ मध्ये केनी धरण उभं राहिलं आणि तिथल्या चेस्लाटा या मूलनिवासी लोकांना अगदी थोड्या दिवसांच्या मुदतीत घरं सोडावी लागली. त्यांची दफनभूमीही पाण्याखाली गेली. मग लाकूडतोड, खाणी, पाइपलाइन. प्रत्येकाबरोबर कामगारांच्या तात्पुरत्या छावण्या आल्या: शेकडो परगावचे पुरुष, हातात चांगला पगार, गावाशी काही नातं नाही, आणि काम संपलं की दुसऱ्या प्रांतात रवाना. तपास करणाऱ्यासाठी ही फार कठीण स्थिती असते. संशयित कोण हे ठरवायच्या आधीच तो हजार किलोमीटर दूर गेलेला असतो. १९८९ मध्ये प्रिन्स जॉर्जमधलं चौघांचं एक कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुलगे, लाकूडतोडीच्या छावणीवर काम देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर गेलं आणि परत आलंच नाही. रोजगार देणारा माणूस अनोळखी असणं या भागात इतकं नेहमीचं होतं की त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नसावं.

आता येण्याजाण्याचा प्रश्न. दवाखाना, न्यायालय, सरकारी कचेरी, किराणा, शाळेनंतरचं शिक्षण, हे सगळं स्मिदर्स, टेरेस, प्रिन्स जॉर्ज अशा गावांत. वसाहतींतल्या कित्येक घरांत गाडी नाही. ग्रेहाउंड या खासगी कंपनीची बस होती, पण तिच्या फेऱ्या मोजक्या, वेळा गैरसोयीच्या, भाडं परवडण्यापलीकडचं, आणि ती प्रत्येक वसाहतीशी थांबतही नसे. मग लोक रस्त्याच्या कडेला उभं राहून लिफ्ट मागत. आजही मागतात. डॉक्टरकडे जायचंय, बहिणीला भेटायचंय, कामावरून घरी परतायचंय, इतकी साधी कारणं.

या साध्या गोष्टीला पोलिसांच्या कागदावर ‘जोखमीचं वर्तन’ म्हटलं गेलं. महामार्गाच्या कडेला मुलींनी लिफ्ट मागू नये, खुनी मोकाट आहे, असे मोठे फलक लागले. ते लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण फलकाखाली उभ्या असलेल्या मुलीला घरी जायचं होतं आणि दुसरं वाहन नव्हतं. तिने काय करू नये हे सांगायला फलक आला. तिने जावं कसं, याचं उत्तर यायला आणखी कितीतरी वर्षं लागली.

पोलिस आणि न्यायालयांबद्दलचा अविश्वास नुसता जुन्या आठवणींतून आलेला नाही. २००४ मध्ये प्रिन्स जॉर्जचे प्रांतीय न्यायाधीश डेव्हिड रॅमसे यांनी अल्पवयीन मूलनिवासी मुलींवरच्या अत्याचाराचे गुन्हे कबूल केले. त्यांतल्या काही मुली आधी त्यांच्याच न्यायालयात उभ्या राहिल्या होत्या. रॅमसे यांना सात वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने उत्तर ब्रिटिश कोलंबियातल्या मूलनिवासी स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल काढला. त्यात पोलिसांकडूनच मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी होत्या. मुलगी बेपत्ता झाल्याचं सांगायला गेल्यावर ‘पार्टीला गेली असेल, येईल परत’ असं ऐकून घरी परतलेल्या कुटुंबांच्या साक्षी तर प्रत्येक चौकशीत आहेत. बेपत्ता माणसाच्या तपासात पहिले काही दिवस सगळ्यात मोलाचे असतात, आणि नेमके तेच हातचे गेले.

२००२ च्या उन्हाळ्यात झाडं लावण्याच्या कामावर आलेली २५ वर्षांची एक गोरी तरुणी प्रिन्स जॉर्जहून लिफ्ट घेऊन निघाली आणि बेपत्ता झाली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी या रस्त्याकडे प्रथमच खऱ्या अर्थाने पाहिलं. मोठी शोधमोहीम झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याआधी तीन दशकं मूलनिवासी मुली जात होत्या, तेव्हा हे कॅमेरे कुठे होते, असा प्रश्न त्या मुलींच्या घरच्यांनी विचारला. त्याला समाधानकारक उत्तर कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

२००५ मध्ये आरसीएमपीने ‘ई-पाना’ नावाचं विशेष पथक नेमलं. २००६ मध्ये त्याच्याकडे नऊ प्रकरणं होती, २००७ मध्ये ती अठरा झाली: तेरा खून आणि पाच बेपत्ता, काळ १९६९ ते २००६. या अठरांपैकी दहाजणी मूलनिवासी होत्या. हा अठराचा आकडा सगळीकडे दिला जातो, म्हणून तो कसा ठरला हे सांगायला हवं. व्यक्ती स्त्री असावी, लिफ्ट मागणं किंवा दुसरं ‘जोखमीचं वर्तन’ तिच्या बाबतीत आढळावं, आणि ती शेवटची दिसली किंवा तिचा मृतदेह सापडला ती जागा महामार्ग १६ किंवा त्याला येऊन मिळणारे ९७ आणि ५ यांच्यापासून एका मैलाच्या आत असावी, अशा अटी होत्या. तपासाला मर्यादा लागते हे मान्य. पण घरातून नाहीशी झालेली, गावातल्या रस्त्यावरून गेलेली, मैलाच्या जरा पलीकडे सापडलेली स्त्री या यादीत बसत नाही. मूलनिवासी संघटना आणि कुटुंबं चाळीसहून अधिक नावं सांगतात. पथकात एकेकाळी सुमारे ७० जण होते. २०१३ पर्यंत ते बारावर आले आणि निधीही बराच कापला गेला.

फेब्रुवारी २००६ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह प्रिन्स जॉर्जजवळ सापडला. पुढच्याच महिन्यात, ३० आणि ३१ मार्चला, त्या शहरात मोठी परिषद भरली. कुटुंबं, मूलनिवासी राष्ट्रांचे प्रमुख, पोलिस, सरकारी अधिकारी असे शेकडो लोक आले. तिथून ३३ शिफारशी निघाल्या आणि त्यांतली पहिलीच अशी की, महामार्गावरच्या सगळ्या वसाहतींना जोडणारी छोट्या बसची सेवा सुरू करा. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा कागद. ज्यांच्या मुली गेल्या होत्या त्यांनी अमूर्त काही मागितलं नव्हतं. त्यांनी बस मागितली होती.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये वॅली ओपल आयोगाचा अहवाल आला. तो मुख्यतः व्हँकूवरमधल्या बेपत्ता स्त्रिया आणि रॉबर्ट पिक्टन या खुन्याच्या प्रकरणातल्या पोलिसांच्या चुकांबद्दल होता, पण महामार्ग १६ वर सार्वजनिक वाहतूक तातडीने वाढवा असं त्यातही लिहिलं होतं. तरी बस आली नाही. २०१५ मध्ये त्याहून वाईट गोष्ट उघड झाली. या महामार्गाबद्दल वसाहतींशी झालेल्या बैठकांची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली गेली, तेव्हा परिवहन मंत्रालयात संबंधित ईमेल पुसून टाकल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्यानेच केला. माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनम यांनी ऑक्टोबर २०१५ च्या अहवालात तो उचलून धरला. ईमेल पुसणाऱ्या मंत्रिकार्यालयातल्या सहाय्यकाने आयुक्तांना शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल पुढे २,५०० डॉलर दंड भरला.

गावागावांना जोडणारी बस धावू लागली २०१७ मध्ये, शिफारशीनंतर अकरा वर्षांनी. तेव्हा तिकीट पाच डॉलर होतं. बस चालवता येते, लोक तिच्यात बसतात, हे लगेच दिसलं. मग अकरा वर्षं कशात गेली? पुढच्याच वर्षी ग्रेहाउंडने उत्तर ब्रिटिश कोलंबियातून काढता पाय घेतला आणि लांब पल्ल्यासाठी प्रांताला बीसी बस नॉर्थ ही सेवा घाईने उभी करावी लागली. तिच्या फेऱ्या आठवड्यातून मोजक्याच.

देशपातळीवरची नोंदही उशिराच झाली. आरसीएमपीने २०१४ मध्ये सांगितलं की १९८० ते २०१२ या काळात १,०१७ मूलनिवासी स्त्रियांचे खून झाले आणि १६४ बेपत्ता आहेत. देशातल्या स्त्रियांत मूलनिवासींचं प्रमाण तेव्हा ४.३ टक्के होतं आणि खून झालेल्या स्त्रियांत सुमारे १६ टक्के. २०१६ मध्ये राष्ट्रीय चौकशी सुरू झाली. मुख्य आयुक्त मॅरियन बुलर स्वतः मूलनिवासी आणि माजी न्यायाधीश. सप्टेंबर २०१७ मध्ये स्मिदर्सला सुनावणी झाली, तेव्हा या महामार्गावरची कुटुंबं या चौकशीसमोर बोलली. ३ जून २०१९ चा अंतिम अहवाल २३१ मागण्यांसह आला आणि त्याने या हिंसेला वंशसंहार म्हटलं. या शब्दावर कॅनडात मोठा वाद झाला. मला त्या वादापेक्षा अहवालातल्या वाहतूक, घरं, पोलिसांची जबाबदारी या कलमांकडे लोकांचं कमी लक्ष गेलं याचं जास्त वाईट वाटतं.

मोबाइलची गोष्टही बससारखीच. रस्त्यावर मोठमोठ्या पट्ट्यांत सिग्नलच नव्हता, म्हणजे गाडीत काही चुकीचं घडतंय असं वाटलं तरी मुलगी कुणाला कळवू शकत नव्हती. २०२१ मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारने मिळून २५२ किलोमीटरची ही पोकळी मनोऱ्यांनी भरण्याची योजना जाहीर केली. तेव्हा परिषदेला पंधरा वर्षं झाली होती.

ई-पानाच्या यादीत २००६ नंतरची एकही घटना नाही. २०११ मध्ये वँडरहूफजवळच्या एका तळ्याकाठून २० वर्षांची तरुणी नाहीशी झाली. २०२३ मध्ये तिचे अवशेष मिळाले. तिचं प्रकरण या यादीबाहेर आहे. यादीतल्या ज्या दोन मुलींच्या मारेकऱ्यांची नावं वर आली, त्या सोडल्या तर इतरांच्या घरच्यांना ठाम उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि पाचजणींच्या घरी तर दफन करायलाही काही परत आलेलं नाही. कुटुंबांची मागणी तीच आहे: यादी पुन्हा उघडा, एका मैलाची अट काढा, आणि ज्यांनी तेव्हा काही पाहिलं ते म्हातारे साक्षीदार जिवंत आहेत तोवर त्यांच्याकडे जा.